आतून बिघडलं की बाहेरून आलं? वॉरंटीचं कार्ड आणि घराचा विमा

बचत गटाच्या कामासाठी गावोगाव फिरताना आम्ही घराघरांत बसतो. चहा होतो, हिशेबाच्या वह्या निघतात. कधी पत्र्याच्या पेटीतून एक प्लॅस्टिकची पिशवी निघते. तिच्यात रेशन कार्ड, पासबुक, सातबारा, घरपट्टीची पावती आणि तळाशी दुमडलेलं एक चकचकीत कार्ड असतं. फ्रिजचं, मिक्सरचं नाहीतर पाण्याच्या मोटारीचं. ते कार्ड आपण सगळ्या जपून ठेवतो. पण ते कशासाठी चालतं आणि कशासाठी चालत नाही, हे आपल्यातल्या किती जणींना माहीत आहे? आम्हालाही नव्हतं. आज त्याबद्दल बोलू.

मोताळा तालुक्यातल्या एका गावातल्या ताईंचा अनुभव आधी सांगतो. नाव घेत नाही, तसं त्यांनीच सांगितलंय. त्यांनी गटातून कर्ज घेऊन फ्रिज घेतला. मृग लागायच्या आधी एका संध्याकाळी वावटळ उठली, पाठोपाठ पाऊस आला. घरावरची टिनं उडाली, एक लाकडी दांडा थेट फ्रिजवर पडला आणि रात्रभर आत पाणी गळत राहिलं. माणसं वाचली, हे मोठं. सकाळी ताईंनी पेटी उघडली आणि कार्ड काढलं. फ्रिज घेऊन आठच महिने झाले होते. वर्षाची वॉरंटी होती, म्हणून त्या निर्धास्त होत्या.

दुकानदार म्हणाला, "ताई, हे कार्ड वादळाचं नाही. मशीनमध्ये कंपनीचा दोष असता तर आपण बघितलं असतं."

पुढच्या बैठकीत ताई आमच्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्हीच सांगितलं होतं ना, कार्ड जपून ठेवा म्हणजे काळजी नाही?" खरं होतं. कर्ज देताना आम्हीच तसं म्हणालो होतो. काय उत्तर द्यावं ते आम्हाला सुचेना. गटाने हप्ते लांबवून दिले, पण फ्रिज गेला तो गेला आणि कर्ज राहिलं. त्या दिवसानंतर आम्ही हा विषय नीट समजून घेतला. जे समजलं ते आज तुमच्यासमोर ठेवतो.

सगळ्यात आधी एकच प्रश्न लक्षात ठेवा. नुकसान झालं की स्वतःला विचारायचं: हे आतून बिघडलं, की बाहेरून आलं?

वस्तू आतून बिघडली, म्हणजे बनवतानाच तिच्यात खोट होती, एखादा भाग कच्चा निघाला, तर ती जबाबदारी बनवणाऱ्याची. त्याचा कागद म्हणजे वॉरंटीचं कार्ड. नुकसान बाहेरून आलं, म्हणजे आग लागली, वादळ आलं, पूर आला, वीज पडली, भूकंप झाला, तर त्यात बनवणाऱ्याचा काही दोष नाही. त्याचा कागद म्हणजे विमा. आणि तिसरी गोष्ट म्हणजे म्हातारपण. मोटार दहा वर्षं चालून झिजली, भिंतीचा रंग उडाला, पत्रा गंजला, तर ना वॉरंटी पैसे देते, ना विमा. त्यासाठी आपली स्वतःची बचतच लागते.

म्हणून हे दोन कागद एकमेकांच्या जागी चालत नाहीत. एकाचं काम जिथे संपतं, तिथे दुसऱ्याचं सुरू होतं. आपल्याकडे बहुतेक घरांत पहिला असतो आणि दुसरा नसतोच. त्या ताईंचंही तेच झालं होतं.

आता वॉरंटीबद्दल. फ्रिजच्या दारावर मोठ्या अक्षरात दहा वर्षं लिहिलेलं आपण बघतो. बहुतेक वेळा ती दहा वर्षं फक्त कॉम्प्रेसरची असतात आणि अख्ख्या फ्रिजची वॉरंटी एकच वर्ष असते. म्हणून विकत घेतानाच विचारायचं, "सगळ्या मशीनची किती आणि कोणत्या भागाची किती?" कार्डावर दुकानाचा शिक्का आणि तारीख हवी. पक्कं बिल हवं, कारण बिलाशिवाय तारीख सिद्ध होत नाही. बिल देणं टाळणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. त्यामुळे "बिल पाहिजे तर जास्त पैसे लागतील" असं कोणी म्हटलं तर दबून जाऊ नका. आणि "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही" असं पावतीवर छापलं म्हणजे दुकानदार सुटला, असंही नाही. खराब निघालेला माल पावतीवर लिहिलेल्या मुदतीत परत घ्यावा लागतो, आणि मुदत लिहिलेलीच नसेल तर ३० दिवसांत.

आपल्या बायांसाठी कार्डावरची आणखी एक ओळ महत्त्वाची आहे. बहुतेक घरगुती वस्तूंच्या कार्डावर लिहिलेलं असतं की धंद्यासाठी वापर केला तर वॉरंटी लागू नाही. आता आपल्यातल्या कितीतरी जणी घरच्याच मिक्सरवर तिखट आणि मसाला करून विकतात. मोटार जळाली आणि कंपनीच्या माणसाने ते ओळखलं, तर तो नाही म्हणू शकतो. म्हणून गटाच्या धंद्यासाठी मशीन घ्यायचं असेल तर धंद्यासाठी बनवलेलंच घ्या, आणि बिलही त्याच मशीनचं घ्या.

दुकानात कधी वाढीव वॉरंटी विकायला सांगतात, जादा पैसे भरून आणखी दोन-तीन वर्षं. अमेरिकेत तर यापुढे जाऊन अख्ख्या घराची वॉरंटी म्हणून वर्षभराचा करारच विकत मिळतो. घरातलं पाणी तापवायचं यंत्र, फ्रिज, वायरिंग बिघडलं की कारागीर येतो, पण दर फेरीला वेगळी फी द्यावी लागते. तिथेही आग आणि वादळासाठी घराचा विमा वेगळाच असतो. आपल्याकडची वाढीव वॉरंटी घेण्याआधी तीन गोष्टी विचारा. ती कंपनी देते की दुसराच कोणी? दुरुस्तीचा माणूस आपल्या गावापर्यंत येतो, की वस्तू खामगाव-मलकापूरला न्यावी लागते? आणि तेवढ्याच पैशात वस्तूची दुरुस्ती बाहेर होते का? उत्तर पटलं तर घ्या, नाहीतर तेच पैसे गटात जमा करा.

घराची स्वतःची वॉरंटी असते का? शहरात बिल्डरकडून फ्लॅट घेतला तर असते. रेरा कायद्याखाली येणाऱ्या प्रकल्पात ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत बांधकामाचा दोष निघाला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत, पैसे न घेता दुरुस्त करायचा असतो. ज्यांच्या मुलांनी पुण्याला, नागपूरला फ्लॅट घेतलेत, त्यांनी हे मुलांना सांगा. पण आपल्या गावात घर बांधतो तो गवंडी, घरकुल असलं तरी तोच. त्याच्याकडे कार्ड नसतं. मग आपणच साध्या कागदावर लिहून घ्यायचं की पहिल्या पावसाळ्यात स्लॅब गळला तर तो दुरुस्त करून देईल, आणि मजुरीतले थोडे पैसे तो पावसाळा जाईपर्यंत मागे ठेवायचे. हे कामाला लागण्याआधीच बोलावं, म्हणजे नंतर भांडण होत नाही.

आता विम्याकडे येऊ. विमा म्हटलं की आपल्याला बँकेतून कापले जाणारे वर्षाचे २० रुपये आठवतात, प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचे. तो चांगलाच आहे, बंद करू नका. पण तो माणसाच्या अपघाताचा आहे, घराचा नाही. पीक विमा शेताचा. घराचा विमा वेगळा घ्यावा लागतो.

१ एप्रिल २०२१ पासून विमा नियामकाने घरासाठी एक ठरावीक पॉलिसी आणली आहे. तिचं नाव भारत गृह रक्षा. आगीचा विमा विकणाऱ्या प्रत्येक सर्वसाधारण विमा कंपनीला ती ठेवावीच लागते, आणि तिच्या मूळ अटी सगळीकडे सारख्या असतात. म्हणून कार्यालयात गेल्यावर "घराचा विमा द्या" असं न म्हणता "भारत गृह रक्षा द्या" असं नाव घेऊन मागा.

तिच्यात आग, वीज पडणं, स्फोट, वादळ, पूर, भूकंप, दरड, दंगल, पाण्याची टाकी फुटणं ही संकटं धरलेली असतात. घराची रक्कम ठरवताना जमिनीची किंमत धरत नाहीत, फक्त पुन्हा बांधायला लागणारा खर्च धरतात. समजा आपलं घर आतून ४०० चौरस फूट आहे आणि आज बांधायला फुटाला १,५०० रुपये लागतात. मग घराची रक्कम झाली ६ लाख. घराचा विमा घेतला की त्याच्या २० टक्के रक्कम घरातल्या सामानासाठी आपोआप धरली जाते, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत. म्हणजे आपल्या हिशेबात १ लाख २० हजारांचं सामान, वेगळी यादी न देता. भांडी, कपडे, टीव्ही, फ्रिज, कूलर, पलंग, कपाट हे सगळं त्यात आलं. फक्त सामानाचाही विमा घेता येतो, त्यामुळे भाड्याच्या घरात राहणारीलाही तो चालतो. पॉलिसी एका वर्षाची घेता येते, तशी १० वर्षांपर्यंतचीही. हप्ता घराच्या रकमेवर ठरतो, म्हणून दोन-तीन कंपन्यांत विचारून मगच घ्या.

त्या ताईंकडे ही पॉलिसी असती तर उडालेली टिनं आणि मोडलेला फ्रिज, दोन्ही तिच्यात बसले असते.

पण घेताना काही गोष्टी तोंडावर विचारून घ्या. भिंती मातीच्या असतील, छप्पर गवताचं किंवा ताडपत्रीचं असेल, तर ते लपवू नका. "असं घर चालतं का आणि हप्ता किती?" हे लेखी विचारा. खोटं सांगून घेतलेली पॉलिसी वेळेवर उपयोगी पडत नाही. दागिन्यांसाठी जादा हप्ता भरून वेगळी सोय घ्यावी लागते. रोख पैसे यात येत नाहीत. चोरीचंही ऐका. पूर किंवा आगीसारखं संकट आल्यावर ७ दिवसांच्या आत त्या घरात चोरी झाली तर ती धरतात. एरवीच्या घरफोडीसाठी वेगळा विमा लागतो. आणि दिवाळीच्या आगेमागे आपल्या घरांत कापूस भरलेला असतो, सोयाबीनची पोती लागलेली असतात. तो विकायचा माल आहे, घरसामान नाही. गटाचे पापड, मसाले, पिठाची गिरणी यांचंही तेच. छोट्या धंद्यासाठी भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा नावाची दुसरी पॉलिसी आहे, तिची चौकशी करा.

आता दोन्ही कागदांच्या मधली फट. गावात विजेचा दाब अचानक वाढतो आणि टीव्ही जळतो. वॉरंटीवाला म्हणतो, दोष मशीनचा नाही, दाबाचा. विमावाला म्हणतो, दाब वाढून किंवा शॉर्टसर्किट होऊन जे यंत्र स्वतःच जळालं, त्या यंत्राचे पैसे या पॉलिसीत नाहीत. तो दाब आकाशातली वीज पडल्यामुळे वाढलेला असला, तरी नाही. हो, त्या टीव्हीतून आग पसरून गाद्या, कपडे, छप्पर जळालं तर त्यांचे पैसे मिळतात, फक्त त्या टीव्हीचे नाही. म्हणून या फटीवर इलाज कागदात नाही, घरात आहे. चांगली अर्थिंग करून घ्या, फ्रिजला स्टॅबिलायझर लावा, आणि ढग गडगडायला लागले की प्लग काढून ठेवा.

दोन्ही कागद एकाच वस्तूवर कसे चालतात, हे बघायचं तर शेतात जा. मागेल त्याला सौर कृषी पंप योजनेत महावितरणमार्फत जे पंप मिळतात, त्यांना ५ वर्षांची दुरुस्तीची हमी असते आणि सोबत विमाही असतो. पंप चालता चालता बंद पडला तर हमीखाली पुरवठादाराला कळवायचं. वादळाने पॅनेल फुटलं किंवा चोरीला गेलं तर ते विम्याचं काम, आणि चोरी असेल तर आधी पोलिसांत तक्रार हवी. ज्यांच्या शेतात असा पंप बसलाय, त्यांनी ही दोन्ही कागदपत्रं घरात आहेत का ते आजच बघा. पंप बहुतेक मालकांच्या नावावर असतो, कागद त्यांच्या खिशात असतात आणि तक्रारीचा फोन करायची वेळ आली की सापडत नाहीत.

आणखी एक विमा आपल्याकडे आधीपासून आहे आणि कित्येक जणींना माहीतच नाही. तो आहे गॅस सिलिंडरचा. उज्ज्वलाचं असो की साधं, अधिकृत कनेक्शन असेल तर सिलिंडरच्या अपघातासाठी तेल कंपन्यांनी विमा काढलेला असतो. आपल्याला हप्ता भरावा लागत नाही. मृत्यू झाला तर माणशी ६ लाख, औषधपाण्यासाठी माणशी २ लाखांपर्यंत, आणि नोंदवलेल्या पत्त्यावरच्या घराचं नुकसान झालं तर २ लाखांपर्यंत. अपघात झाला की लगेच गॅस एजन्सीला लेखी कळवायचं आणि पोलिसांतही नोंद करायची. कनेक्शन एका पत्त्यावर आणि सिलिंडर दुसऱ्याच घरात, असं करू नका. नळी ५ वर्षांनी बदला आणि त्याची पावती ठेवा.

घरासाठी बँकेचं कर्ज असेल तर बँकेत जाऊन विचारा, "कर्जासोबत जो विमा कापलाय, तो कर्जदाराच्या जिवाचा की घराचा?" अनेकदा तो जिवाचा असतो. कर्ता माणूस गेला तर कर्ज फिटतं, पण घर जळालं तर त्यातून काही मिळत नाही. विमा घराचाच असेल तर पॉलिसीची प्रत मागून घ्या. पैसे आपण भरतो, मग कागदही आपल्याकडे हवा.

कोणी म्हणेल, सरकार देतंच की. देतं, आणि ते मागायलाच हवं. जुलै २०२३ मध्ये आपल्याच जिल्ह्यात संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत अतिवृष्टी झाली, गावांत पाणी शिरलं, ते आपण विसरलेलो नाही. अशा वेळी तलाठ्याकडून पंचनामा करून घ्या आणि त्याची प्रत मागा. पण आकडेही माहीत असू द्या. आपत्ती मदतीच्या २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या केंद्राच्या निकषांत सपाट भागातलं घर पूर्ण पडलं तर १ लाख २० हजार, आणि थोडं पडलं तर पक्क्या घराला ६,५०० आणि कच्च्याला ४,००० रुपये आहेत. राज्य सरकार कधी त्यात भर घालतं. तरी ती मदत आहे, भरपाई नाही. फ्रिज, टीव्ही त्यात परत येत नाही.

नुकसान झालंच तर घाईने साफसफाई करू नका. आधी मोबाईलवर फोटो काढा. मोडलेली वस्तू भंगारवाल्याला देऊ नका, विम्याचा माणूस ती बघायला मागतो. त्याच दिवशी कंपनीला कळवा आणि तक्रारीचा नंबर वहीत लिहा.

दुकानदार किंवा कंपनी वॉरंटी असून ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा. तरीही झालं नाही तर बुलढाण्याला जिल्हा ग्राहक आयोग आहे. वस्तू कुठूनही घेतलेली असो, आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. ५ लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही, पण दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. विमा कंपनीबद्दल तक्रार असेल तर आधी कंपनीलाच लेखी द्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येतं, तेही पैसे न भरता. विमा नियामकाचा फोन आहे १५५२५५.

आता एक काम. पुढच्या बैठकीला प्रत्येकीने आपली पिशवी घेऊन या. आपण मिळून तीन ढीग करू. पहिला वॉरंटीचा. मुदत संपलेली कार्डं काढून टाकायची आणि चालू असलेल्यांवर शेवटची तारीख मोठ्या अक्षरात लिहायची. दुसरा विम्याचा. त्यात जिवाचा कोणता, पिकाचा कोणता, घराचा कोणता, ते वेगळं करायचं. तिसरा बिलांचा. छापील बिलाची शाई वर्षभरात उडते, म्हणून त्याची झेरॉक्स काढायची आणि मोबाईलवर फोटो ठेवायचा. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्याजवळ लिहिता-वाचता येणारी एक जण बसेल.

मोताळ्याच्या त्या ताई आता त्यांच्या गटात हेच काम करतात. नवीन कर्जाचा अर्ज आला की त्याच आधी विचारतात, "वस्तूचं कार्ड मिळेल, ते ठीक. पण घराचा कागद आहे का?" आम्हीही आता कर्ज देताना "काळजी नाही" असं म्हणत नाही. कोणता कागद कशासाठी चालतो, ते बसून सांगतो.

तर भेटू पुढच्या बैठकीत, पिशवी घेऊन. नमस्कार.